रक्ताची पिशवी लागण्याआधी

"ऑपरेशन गुरुवारी आहे, चार पिशव्यांची सोय करून ठेवा." हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी कुणी दाखल झालं की नातेवाइकांच्या कानावर हे वाक्य पडतंच. मग फोन फिरू लागतात. गल्लीतल्या मंडळाची पोरं, कारखान्यातले सोबती, गावाकडचे भाऊबंद अशा सगळ्यांना साद जाते. रक्तगट निगेटिव्ह असला तर व्हॉट्सॲपच्या गटांवर रात्रभर निरोप हिंडत राहतात. सोलापूरकर अशा वेळी मागे हटत नाहीत. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणेशोत्सव यांपैकी कोणताही दिवस इथे रक्तदान शिबिराशिवाय जात नाही. अडचण येते ती मे महिन्यात. पारा 42-43 अंशांवर गेलेला, कॉलेजं बंद, शिबिरं थंडावलेली. शस्त्रक्रिया मात्र ऋतू बघून ठरत नाहीत.

या धावपळीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्याच्यासाठी पिशव्या जमवल्या जात आहेत, त्याच्या स्वतःच्या अंगात रक्त किती आहे, आणि कमी असेल तर ते का कमी आहे? बहुतेकदा उत्तर फाइलमध्येच असतं. अँजिओग्राफीच्या वेळी काढलेल्या रिपोर्टात 'एचबी 9.2' असं छापलेलं असतं, आणि तो कागद तीन आठवड्यांपूर्वीचा असतो. त्या तीन आठवड्यांत त्या आकड्याकडे कुणी पाहिलेलं नसतं. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ तो पाहतात, आणि तोवर 'चढवू या' याशिवाय दुसरा मार्ग उरलेला नसतो.

पुढच्या पानांचा विषय हे वाया गेलेले तीन आठवडे हा आहे. लोहाच्या कमतरतेने झालेला रक्तक्षय हृदयाच्या नियोजित शस्त्रक्रियेआधी ओळखता येतो आणि त्यावर उपचारही करता येतात. ते केले तर परक्या रक्ताची गरज अनेकदा कमी होते, कधी मुळीच उरत नाही. हे म्हणणं साधं वाटतं, पण त्याला दुजोरा देणारा पुरावा कुठे भक्कम आहे आणि कुठे डळमळीत, हे नीट तपासून घ्यावं लागतं.

सोलापूरचं रक्त-संक्रमणाच्या इतिहासाशी एक नातं आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी याच शहरात झाला. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकून 1938 मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पुढे तिथे ज्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा त्यांनी सांभाळली, ते नॉर्मन बेथून या कॅनेडियन शल्यचिकित्सकाच्या नावाचं होतं. कोटणीस त्या भागात पोहोचण्याआधीच, नोव्हेंबर 1939 मध्ये, बेथून वारले होते. याच बेथून यांनी 1936 च्या अखेरीस स्पेनच्या यादवी युद्धात माद्रिदमध्ये फिरती रक्तसेवा उभी केली होती. शहरात दात्यांकडून घेतलेलं रक्त बाटल्यांत भरून, थंड राखून, गाडीतून थेट आघाडीजवळच्या जखमींपर्यंत न्यायचं, अशी ती योजना होती. तोवर बहुतेक ठिकाणी रक्त द्यायचं तर दाता रुग्णाशेजारी आणून बसवण्याची पद्धत होती. आज रक्तपेढीतून पिशवी घेऊन धावणारा प्रत्येक नातेवाईक त्याच वाटेने चाललेला असतो.

ती वाट युद्धातल्या जखमींसाठी होती. अचानक वाहून गेलेल्या रक्ताला रक्ताशिवाय पर्याय नसतो, आणि अपघातात, बाळंतपणातल्या रक्तस्रावात तो आजही नाही. नियोजित शस्त्रक्रियेची गोष्ट निराळी. तिथे तारीख आधीपासून ठाऊक असते.

आता आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार डेसिलिटरमागे 13 ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असलेला पुरुष आणि 12 पेक्षा कमी असलेली (गर्भवती नसलेली) स्त्री रक्तक्षयग्रस्त ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हा आकडा 48 टक्के होता. म्हणजे मधल्या काळात तो वाढला. त्याच पाचव्या फेरीत पुरुषांत तो 21.9 टक्के होता. सुबत्तेने हा प्रश्न आपोआप सुटतो असंही नाही. ब्रिटनमधल्या 12 हृदयशस्त्रक्रिया केंद्रांनी 2010 ते 2012 या काळातल्या 19,033 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा 31 टक्के रुग्ण रक्तक्षय घेऊनच शस्त्रक्रियेला आलेले दिसले. त्यांना रक्त जास्त लागलं आणि त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाणही जास्त होतं.

हृदयाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होण्याचं एक खास कारण आहे. समजा, कुंभारीच्या वसाहतीत राहणारी, विडी वळून घर चालवणारी, चाळिशीतली एक बाई आहे. वजन 45 किलो. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर संधिवाती ताप येऊन गेला, तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आता डाव्या बाजूची झडप अरुंद झाली आहे. जिना चढताना धाप लागते, थकवा येतो, छाती धडधडते. इकोत झडप दिसते आणि सगळ्या तक्रारींचा दोष झडपेवर जातो. पण धाप, थकवा, धडधड ही तिन्ही लक्षणं रक्तक्षयाचीही आहेत. दोन दुखण्यांची लक्षणं एकच असली की मोठं दुखणं लहान दुखण्याला झाकून टाकतं.

ही बाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेली की काय होतं? एवढ्या वजनाच्या बाईच्या शरीरात साधारण तीन लिटर रक्त असतं. हृदय थांबवून काम करायचं तर तिचं रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवावं लागतं, आणि त्या यंत्राच्या नळ्या आधी द्रवाने भरून घ्याव्या लागतात. हा द्रव साधारण एक ते दीड लिटर असतो. पाहुणे वाढले की आमटीत पाणी वाढवावं, तसं तिचं रक्त पातळ होतं. हिमोग्लोबिन 9 असेल आणि नळ्यांत 1.2 लिटर द्रव असेल, तर तीन लिटरचं 4.2 लिटर होताच ते 6.4 वर येतं. सुरीने अजून फारसं रक्त सांडलेलं नसताना पिशवी लावण्याची वेळ आलेली असते. तीच बाई 12 हिमोग्लोबिन घेऊन आली असती तर यंत्राला जोडल्यावर ते 8.6 राहिलं असतं, म्हणजे शल्यचिकित्सकाच्या हाताशी थोडी उसंत राहिली असती. शरीरयष्टी जितकी किरकोळ, तितकं हे पातळ होणं जास्त. म्हणूनच 80 किलोच्या पुरुषाला चालून जाणारा आकडा 45 किलोच्या बाईला चालत नाही.

परक्या रक्ताची एवढी धास्ती का घ्यावी, असा प्रश्न इथे येईल. आपल्याकडे पिशवी देण्याआधी एचआयव्ही, कावीळ बी व सी, गुप्तरोग आणि मलेरिया यांच्या चाचण्या सक्तीच्या आहेत. 1998 पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर बंदी आहे. पूर्वीच्या मानाने रक्त कितीतरी सुरक्षित झालं आहे. तरीही धोका शून्यावर आलेला नाही. संसर्ग नुकताच झालेला असेल तर तो चाचणीत न सापडण्याचा सुरुवातीचा काळ असतो. फुप्फुसांना अचानक सूज येणं, हृदयावर द्रवाचा भार पडणं, पुढच्या वेळी जुळणारं रक्त मिळणं कठीण होणं हे प्रकार कमी घडतात, पण घडतात. रक्त हे दुसऱ्याच्या शरीरातलं जिवंत ऊतक आहे. लागलं तर ते द्यावंच, पण गरज नसताना देऊ नये, एवढाच या सगळ्याचा अर्थ.

रक्त कमी वापरून हृदयशस्त्रक्रिया करता येते हे दाखवणारा सर्वात गाजलेला दाखला अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा आहे. यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक धर्मश्रद्धेमुळे रक्त घेत नाहीत. डेंटन कूली यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासून अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या, आणि 1977 मध्ये कूली व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्त न देता केलेल्या 542 शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्याच अहवालात झालेल्या मृत्यूंमागे रक्तक्षयाचाही वाटा असल्याची नोंद त्यांनी केली. रक्त न देता निभावायचं तर रुग्णाचं स्वतःचं रक्त भरपूर हवं, हा धडा त्या नोंदीतच होता.

मग रक्त पुरेसं करायचं कसं? इथे लोहाचा हिशेब समजून घ्यावा लागतो. प्रौढ शरीरात एकूण तीन-चार ग्रॅम लोह असतं आणि त्यातलं बहुतांश हिमोग्लोबिनमध्येच असतं. आहारातून दिवसाला फार तर एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषलं जातं. आपल्या उदाहरणातल्या बाईला 9 वरून 12 वर जायला साधारण सव्वातीनशे मिलिग्रॅम लोह लागेल, आणि रिकामा साठा भरायला वर आणखी 500. नुसत्या ताटातून हे भरून यायला वर्षाहून अधिक काळ जाईल.

सोलापुरात हे स्पष्ट सांगणं भाग आहे, कारण इथे डाळिंब पिकतं. रक्त वाढायला डाळिंब खा, हा सल्ला आजीपासून शेजारणीपर्यंत सगळे देतात. केगाव इथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. त्याने 2017 मध्ये 'सोलापूर लाल' हा जैवसंवर्धित वाण दिला. केंद्राच्या आकड्यांनुसार त्याच्या 100 ग्रॅम दाण्यांत 5.6 ते 6.1 मिलिग्रॅम लोह असतं, तर गणेश या जुन्या वाणात ते 2.7 ते 3.2 असतं. हे काम मोलाचं आहे. पण वनस्पतीतलं लोह थोडंच अंगी लागतं, दहा टक्के धरलं तरी वाटीभर दाण्यांतून अर्धा मिलिग्रॅम. डाळिंब जरूर खावं, मात्र महिन्यावर आलेल्या शस्त्रक्रियेची तयारी त्यावर सोपवू नये. बाजरीचा अनुभवही असाच आहे. महाराष्ट्रात 2012 मध्ये आलेल्या 'धनशक्ती' या लोहयुक्त वाणाच्या भाकरी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या 12 ते 16 वर्षांच्या मुलांना सहा महिने, दिवसातून दोनदा दिल्या गेल्या. लोहाची कमतरता असलेली मुलं साध्या बाजरीच्या तुलनेत दीडपटीहून अधिक प्रमाणात सुधारली. आहार समाजाचं रक्त सुधारतो, त्याला सहा महिने मिळायला हवेत. शस्त्रक्रियेची तारीख तेवढी थांबत नाही.

थोडी घाई असेल तर गोळ्या. अॅनिमिया मुक्त भारत मोहिमेतली लाल गोळी 60 मिलिग्रॅम लोहाची असते, फोलिक ॲसिडसह. उपाशीपोटी किंवा लिंबाच्या पाण्याबरोबर घेतली तर ती जास्त लागू पडते. चहाबरोबर घेतली तर बरीचशी वाया जाते, आणि आपल्याकडे गोळी चहाबरोबरच घेतली जाते. झुरिचच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवलं की लोहाची कमतरता असलेल्या स्त्रियांत रोजच्यापेक्षा एक दिवसाआड गोळी दिली तर लोह अधिक शोषलं जातं. रोजच्या मात्रेमुळे यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक वाढतं आणि ते आतड्याचं दार आवळतं. काळं शौच, मळमळ, बद्धकोष्ठता यांना कंटाळून अनेकजण गोळ्या मधेच सोडतात, हीदेखील वस्तुस्थिती आहे. हृदयविकारात शरीरात सूज असेल तर हेच हेप्सिडिन आधीपासून वाढलेलं असतं, आणि गोळ्यांचा उपयोग आणखी घटतो.

वेळ तीन-चार आठवड्यांचाच असेल तर शिरेतून लोह. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजसारख्या औषधातून एक ग्रॅमपर्यंत लोह एकाच बैठकीत देता येतं. अस्थिमज्जा कामाला लागते, दोनेक आठवड्यांत हिमोग्लोबिन वर सरकू लागतं. हे औषध रुग्णालयातच, देखरेखीखाली घ्यायचं असतं. क्वचित ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, आणि अंगात जंतुसंसर्ग असताना ते देत नाहीत.

पुरावा काय सांगतो? झुरिचमध्येच डोनाट श्पान आणि सहकाऱ्यांनी रक्तक्षय किंवा लोहाची कमतरता असलेल्या 505 हृदयरुग्णांवर चाचणी केली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी निम्म्या रुग्णांना शिरेतून लोह, लाल पेशी वाढवणारं एरिथ्रोपोएटिन, बी-12 आणि फोलिक ॲसिड दिलं गेलं. पहिल्या सात दिवसांत त्यांना लागलेल्या पिशव्यांचा मध्यक शून्य होता, तर इतरांचा एक. 'लॅन्सेट'मध्ये 2019 साली हे प्रसिद्ध झालं, आणि आदल्या दिवशीही उशीर झालेला नसतो, असा आशावाद पसरला. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात ब्रिटनची 'प्रिव्हेंट' चाचणी आली. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या 487 रुग्णांपैकी निम्म्यांना काही आठवडे आधी शिरेतून लोह दिलं होतं. रक्त लागणं किंवा मृत्यू यांत फरक पडला नाही. हिमोग्लोबिन मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत लोह मिळालेल्यांचं चांगलं राहिलं.

या दोन निकालांतला विरोध लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या चाचणीत चार औषधं एकत्र होती, त्यामुळे एकट्या लोहाचं श्रेय किती हे त्यातून कळत नाही. दुसरीत रक्तक्षय असलेले रुग्ण सरसकट घेतले होते, मग त्यांच्यात लोहाची कमतरता असो वा नसो. ज्याच्या रक्तक्षयाचं कारण वेगळं आहे त्याला लोह देऊन काय साधणार?

म्हणून कारण शोधणं हाच या विषयाचा गाभा आहे. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या दोन चाचण्यांतून लोहाचा साठा कळतो. सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा दुसरी चाचणी कामी येते. बी-12 ची कमतरता शाकाहारी घरांत सर्रास सापडते. थॅलेसेमियाच्या वाहकाच्या रक्तपेशीही लहान दिसतात, पण त्याचा साठा बहुधा भरलेला असतो, आणि तसं असताना त्याला लोह देणं चूकच. पन्नाशीतल्या पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी सापडलं तर ते कुठून तरी झिरपतंय असं समजावं. हृदयरुग्ण ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेत असतो, जठरातून नकळत रक्त जात असतं. मूळव्याध असते, कधी आतड्याचा कर्करोगही असतो. एडवर्ड हाइड या डॉक्टरांनी 1958 मध्ये एक चमत्कारिक जोडी नोंदवली होती: महाधमनीची झडप कॅल्शियमने कडक झालेली आणि आतड्यातून रक्तस्राव. अरुंद झडपेतून जोराने जाताना रक्त गोठवणारा एक घटक तुटतो, हे पुढे उमगलं. अशा रुग्णाचा रक्तस्राव बहुतेकदा झडप बदलल्यावर आटोक्यात येतो.

रक्त वाचवण्याच्या व्यवस्थेतला लोह हा एक भाग आहे. रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, सांडलेलं रक्त धुऊन परत देणारं यंत्र, हार्ट-लंग मशीनच्या लहान नळ्या, आयसीयूत ऊठसूट रक्त न काढणं हे दुसरे. पिशवी कधी लावायची याचा संयम हा तिसरा. 19 देशांतल्या 4,860 हृदयरुग्णांवरच्या चाचणीत हिमोग्लोबिन 7.5 च्या खाली गेल्यावरच रक्त देणं हे 9.5 ला देण्याइतकंच सुरक्षित ठरलं, आणि रक्त लागलेल्यांचं प्रमाण 72.6 वरून 52.3 टक्क्यांवर आलं. पश्चिम ऑस्ट्रेलियाने 2008 पासून हे सारं एकत्र राबवलं. चार मोठ्या रुग्णालयांत दर दाखल रुग्णामागे वापरलेलं रक्त सहा वर्षांत 41 टक्क्यांनी घटलं. त्यासाठी कोणतंही अजब यंत्र लागलं नाही, तपासणीची वेळ अलीकडे आणावी लागली.

सोलापुरात हे जमण्यासारखं आहे. 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. 'बायपास' म्हटलं की ज्या घरांत पूर्वी विषयच संपायचा, त्या घरांतले रुग्ण आता शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतात. त्यांतले अनेक काटक बांध्याचे, कष्टाचे आणि कमी रक्ताचे असतात. ज्या दिवशी शस्त्रक्रिया ठरते त्याच दिवशी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन पाहायचं, कमी असेल तर कारण शोधून उपचार सुरू करायचे आणि पुन्हा तपासायचं, यासाठी नवं रुग्णालय लागत नाही. छातीतलं दुखणं थांबत नसेल, मुख्य रक्तवाहिनीत धोक्याचा अडथळा असेल, तर मात्र लोहासाठी एक दिवसही थांबू नये. तिथे रक्तपेढीच तारणहार आहे, आणि रक्तदात्यांचे उपकार तिथे फिटत नाहीत.

पुढची प्रकरणं डॉक्टरांसाठी आहेत तितकीच घरच्यांसाठीही आहेत. हृदयाच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत: रुग्णाचं हिमोग्लोबिन किती, ते कमी असेल तर लोहाची तपासणी झाली का, आणि तारखेपर्यंत उपचाराला वेळ आहे का? हे प्रश्न ऐकून कुणी वैतागलं तरी विचारावेत, आणि रक्तदात्यांची यादी करायला बसण्याआधी विचारावेत.